काटा हलतो, पण कशाने?

दोन पारड्यांच्या जुन्या, काचेच्या पेटीतल्या चांगल्या काट्यात दांडीच्या मध्याशी एक छोटी चकती असते. आट्यांवर बसवलेली, बोटांनी फिरवली की वर-खाली सरकते. वजन करणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही, पण काट्याचा सगळा स्वभाव तिच्यावर अवलंबून असतो. दांडी अकीकाच्या धारेवर टेकलेली असते आणि तिचा गुरुत्वमध्य त्या धारेच्या किंचित खाली असतो. चकती वर घेतली की गुरुत्वमध्य धारेच्या जवळ येतो आणि तेवढ्याच वजनाला सुई आधीपेक्षा जास्त कलते. एका मिलिग्रॅमला जी सुई रेघभर सरकायची, ती आता दोन-तीन रेघा सरकते. काटा हळवा झाला.

त्याच वेळी सुई झुलायला लागते आणि लवकर थांबत नाही. चकती जितकी वर, तितके झोके संथ. एकेका वजनाला ताटकळत बसावं लागतं. शेजारून कोणी गेलं, पंखा लागला, हाताची ऊब दांडीच्या एका बाजूला पोचली, तरी काटा त्याची दखल घेतो. आणखी वर घेत गेलात आणि गुरुत्वमध्य धारेच्या वर गेला, की दांडी एका बाजूला कलंडते ती परत येतच नाही. म्हणून जाणता कारागीर चकती वर चढवताना एका टप्प्यावर थांबतो. तो टप्पा कुठला, हे त्या काट्यावर काय मोजायचं आहे त्यावर ठरतं. पूर्वी सोनं गुंजेवर मोजत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. गुंजेवर हिशेब करणाऱ्याने दशांश मिलिग्रॅमला डोलणारा काटा दुकानात ठेवला, तर त्याचा निम्मा दिवस सुई थांबण्याची वाट बघण्यात जाईल.

मापायंत्रांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन हा माझा व्यवसाय आहे, कोल्हापुरात. गुजरीतले सराफ, हुपरीचे चांदी कारागीर, पॅथॉलॉजी लॅबवाले, मंडपवाले, कारखान्यांतले इलेक्ट्रिशियन असे सगळे माझ्याकडे येतात, आणि यंत्र कुठलंही असो, प्रत्येकाला ते ‘एकदम सेन्सिटिव्ह’ हवं असतं. लहानशा बदलाला यंत्र किती मोठं उत्तर देतं, एवढाच त्याचा साधा अर्थ. तो खरा आहे, पण अर्धा. मी त्यांना दोन गोष्टी विचारते: कशाला सेन्सिटिव्ह हवं आहे, आणि त्यासाठी काय सोसायची तयारी आहे? या दोन्हींची उत्तरं धंद्यागणिक इतकी वेगळी येतात, की एकाचा अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडेल असं वरवर वाटत नाही. मला मात्र तो पडतो, रोज.

आता पारड्यांची जागा इलेक्ट्रॉनिक काट्यांनी घेतली. मिलिग्रॅमपर्यंतचा आकडा पडद्यावर झळकतो आणि गिऱ्हाईक आकड्यालाच भुलतं. शेवटचा अंक जितका बारीक, तितकं वजन खरं, असा समज पक्का बसला आहे. पण इलेक्ट्रॉनिक काट्याला वस्तूचं वस्तुमान कळत नाही. पृथ्वी ती वस्तू किती जोराने खाली ओढते ते कळतं. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताकडे सरकलं की ती घटते, उंचावर गेलं की घटते. कोल्हापूर मुंबईच्या दक्षिणेला आहे आणि समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर. मुंबईत जुळवलेला काटा तसाच इथे आणून त्यावर १०० ग्रॅमचं वजन ठेवलं, तर तो पंचवीस-तीस मिलिग्रॅम कमी दाखवेल. मिलिग्रॅमचा फरक ओळखणारा काटा पंचवीस-तीस मिलिग्रॅमने चुकतो, आणि तेही दर वेळी तितक्याच ठामपणे. दोन पारड्यांच्या काट्याला ही अडचण येतच नाही, कारण तिथे सोनं आणि वजनं दोन्ही त्याच ओढीखाली असतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा ज्या जागी वापरायचा त्याच जागी, प्रमाणित वजनं ठेवून जुळवायचा असतो. काटा बारीक फरक ओळखतो म्हणून तो खरं बोलतो असं धरून चालणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे.

रेडिओवाल्यांकडे याच गोष्टीचं वेगळं रूप दिसतं. तिथे संवेदनशीलता सांगतात ती मायक्रोव्होल्टमध्ये: अँटेनावर किती दुबळा संकेत आला तरी कार्यक्रम समजेल इतपत ऐकू येईल. आकडा जितका लहान, तितका रेडिओ चांगला. पण मीडियम वेव्हवर सांगली केंद्र लावून बघा. घरात एलईडी दिव्याचा स्वस्त ड्रायव्हर किंवा मोबाइलचा चार्जर चालू असेल, तर भारीतला भारी रेडिओसुद्धा खरखरच ऐकवतो. त्याचं काम तो चोख करतोय. खरखर आणि गाणं दोन्ही तितक्याच निष्ठेने मोठं करून देतोय. अशा वेळी जास्त सेन्सिटिव्ह रेडिओ आणून काही साधत नाही. चार्जर काढावा, रेडिओ खिडकीशी न्यावा, फिरवून बघावा. आतल्या फेराइट दांडीची दिशा बदलली की खरखरीचा बराच भाग गळतो. आणि बाहेरचा सगळा गोंगाट थांबवला तरी यंत्राच्या स्वतःच्या आतली खरखर उरतेच. कुठल्याही तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने अखंड हलत असतात आणि त्या हालचालीतून सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. १९२८ साली जॉन्सन यांनी त्याची मोजमापं प्रसिद्ध केली आणि नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. यंत्राच्या या खरखरीखाली जो संकेत बुडाला, तो नुसता मोठा करून कधीच वर येत नाही. कॅमेऱ्यातला आयएसओ अंधारात वाढवला की फोटोवर दाणे येतात, त्यांचं मूळ मात्र बव्हंशी तुटपुंज्या प्रकाशाच्या स्वतःच्याच चढउतारात असतं.

हे कळलेल्या लोकांनी मग काय केलं, याचं मला फार आवडणारं उदाहरण अलिबागचं आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकानंतर जे चुंबकीय वादळ आलं, त्याची नोंद कुलाब्याने केली. आजही शास्त्रज्ञ ती काढून अभ्यासतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत पसरणार, त्याचं चुंबकीय क्षेत्र कुलाब्याच्या लोहचुंबकांना हलवणार, आणि मग सुई सूर्यामुळे हलली की ट्राममुळे हे सांगता येणार नाही, असा तो पेच होता. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी उपकरणं बोथट केली नाहीत. ते जागा शोधायला निघाले आणि खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. १९०४ साली तिथे वेधशाळा सुरू झाली. इमारतीचा दगड चुंबकीय गुणधर्म तपासून निवडला आणि लोखंडाच्या जागी तांबं-पितळ वापरलं. काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी नीट जोडता यावी. ट्राम १९०७ साली धावली, तेव्हा सगळं स्थिरस्थावर झालेलं होतं. हे नुसतं वाचूनही मला समाधान वाटतं. माझ्या कामात लोक यंत्र बदलायला तयार असतात. त्याची जागा बदला म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमागेही हाच विचार आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली, आणि जागा निवडताना माणसांचा रेडिओ-गोंगाट कमी असणं हा एक महत्त्वाचा निकष होता. आकाशातून येणारे संकेत मोजायचं एकक जान्स्की. ते इतकं लहान आहे, की चंद्रावर एक वॅटचा साधा मोबाइल चालू केला, तर इथे तो काहीशे जान्स्कींचा दिसेल, म्हणजे आकाशातल्या ठळक रेडिओस्रोतांच्या पंगतीत बसेल. आता हाच मोबाइल चंद्रावर नसून तबकडीशेजारच्या द्राक्षमळ्यात असला तर काय होईल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

मंडपवाल्यांचं थोडक्यात सांगते. स्पीकरची संवेदनशीलता म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. घरातला साधा स्पीकर ८५ ते ९० देतो, भोंगा १०५ च्या पुढे जातो. तीन डेसिबल वाढले की तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. म्हणून पूर्वी छोट्याशा अँप्लिफायरवर आणि बॅटरीवर दोन भोंगे अख्ख्या गावाला लग्नाची गाणी ऐकवत. पण भोंगा खर्जही गाळतो आणि अगदी वरचे सूरही. मधला पट्टा तेवढा फेकतो. सनईला ते चालून जातं, तबल्याच्या बायाला नाही.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये मात्र हा शब्द जपून ऐकावा लागतो, कारण तिथे त्याचे निदान तीन वेगवेगळे अर्थ एकाच टेबलावर वावरत असतात आणि रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाचं आयुष्य त्यात गुंतलेलं असतं.

पहिला अर्थ काट्यासारखाच: कमीत कमी किती असलं तर सापडतं. क्षयरोगाचं उदाहरण घ्या. थुंकीचा नमुना काचपट्टीवर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची जुनी पद्धत आहे, तिला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. त्याहून कमी असले तर बघणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. जीनएक्स्पर्टसारखी कार्ट्रिजची चाचणी जंतूचा डीएनए शोधते आणि तिला शे-सव्वाशे जंतूही पुरतात. हा केवढा मोठा फरक आहे आणि त्यामुळे किती माणसं वेळेत उपचारांपर्यंत पोचतात! पण कशाला सेन्सिटिव्ह, हा प्रश्न इथेही सोडायचा नाही. ती डीएनएला सेन्सिटिव्ह आहे, जिवंत जंतूला नाही. औषधांनी मेलेल्या जंतूंचा डीएनए शरीरात काही काळ राहतो आणि चाचणी तो इमानेइतबारे शोधून काढते. म्हणून उपचार लागू पडताहेत का हे बघायला ही चाचणी वापरत नाहीत. त्यासाठी पुन्हा काचपट्टी आणि कल्चरच. बरा होत आलेला रुग्ण हा ‘पॉझिटिव्ह’ बघून हादरतो, तेव्हा त्याला हे नीट समजावून सांगणारं कोणी जवळ असायला हवं, आणि बहुतेकदा ते नसतं.

दुसरा अर्थ डॉक्टरांचा. खरोखर आजारी असलेल्या शंभर जणांपैकी चाचणी कितींना पकडते, ती तिची संवेदनशीलता. तिची जोडीदार म्हणजे विशिष्टता: निरोगी शंभरांपैकी कितींना ती बरोबर सोडून देते. या दोघी एकत्रच वाचायच्या असतात. समजा, ९० टक्के संवेदनशील आणि ९५ टक्के विशिष्ट अशी एक चाचणी आहे. गावात शिबिर भरलं, हजार जण आले, त्यांतल्या दहांना आजार आहे. चाचणी दहापैकी नऊ पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे पन्नासेक जणांनाही पॉझिटिव्ह म्हणेल. साठाच्या आसपास लोकांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट, आणि त्यांतले खरे आजारी नऊ. हीच चाचणी, याच लॅबमध्ये, छातीच्या डॉक्टरांनी लक्षणं बघून पाठवलेल्या हजार जणांवर करा, ज्यांत तीनशे खरे आजारी आहेत. आता २७० बरोबर पकडले जातील आणि चुकून अडकतील ३५. चाचणी तीच, यंत्र तेच, रसायनं तीच. समोर कोण माणसं आहेत एवढंच बदललं, आणि पॉझिटिव्ह या अक्षरांचं वजन पार बदललं.

करोनात हे आपण सगळ्यांनी अनुभवलं. रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर ती खरी धरायची. निगेटिव्ह आली आणि ताप-खोकला असेल, तर पुन्हा आरटीपीसीआर करायची, असा नियम होता. अनेकांना तो लॅबवाल्यांचा पैशांचा धंदा वाटला. त्यामागचं कारण सरळ होतं. अँटिजेन चाचणीची विशिष्टता चांगली, म्हणून तिच्या ‘हो’वर विश्वास ठेवता येत होता. संवेदनशीलता कमी, म्हणून तिच्या ‘नाही’वर ठेवता येत नव्हता. एवढी दोन वाक्यं त्या वेळी प्रत्येक केंद्राच्या दारावर मराठीत लावायला हवी होती, असं मला आजही मनापासून वाटतं.

तिसरा अर्थ ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’ रिपोर्टमधला. इथे सेन्सिटिव्ह असतो तो जंतू. रुग्णाच्या लघवीतून किंवा जखमेतून वाढवलेले जंतू अगारच्या बशीवर एकसारखे पसरतात, त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या गोल चकत्या ठेवतात आणि बशी रात्रभर, सोळा ते अठरा तास, ३५ अंशांच्या आसपास इनक्युबेटरमध्ये ठेवतात. सकाळी बघावं तर बशीवर जंतूंची धुरकट साय धरलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळं पडलेली असतात. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडून बघायचा आणि औषधापुढे एस, आय किंवा आर लिहायचं: लागू पडेल, मध्यम, पडणार नाही. रुग्ण रिपोर्ट वाचताना सगळ्यात मोठ्या वर्तुळाचं औषध सगळ्यात जालीम समजतात. तसं नसतं. प्रत्येक औषध अगारमधून वेगळ्या वेगाने पसरतं, त्यामुळे प्रत्येकाची हद्द वेगळी. एकाला १५ मिलिमीटर पुरतात, दुसऱ्याला २१ सुद्धा कमी पडू शकतात.

माझा संबंध येतो तो त्या इनक्युबेटरशी आणि कॅलिपरशी. पण लॅबमध्ये गेले की मी बशीतल्या अगारची जाडीही विचारते. ती चार मिलिमीटर असावी लागते. बशी पातळ ओतली, तर औषध आडवं जास्त पसरतं, वर्तुळ मोठं येतं आणि ज्या जंतूवर औषध चालत नाही तोही ‘सेन्सिटिव्ह’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. कुणाच्या तरी अंगात संसर्ग वाढत राहतो, आणि त्याचं मूळ बशीत ओतलेल्या दीड मिलिमीटर कमी अगारमध्ये असतं. हे लॅबमधल्या मुला-मुलींना सांगताना माझा आवाज चढतो.

संवेदनशीलता सगळीकडे हवीहवीशीच असते असंही नाही. स्फोटकांच्या शास्त्रात ती कमी करण्यासाठी माणसांनी जीव दिले आहेत. नायट्रोग्लिसरीन साध्या धक्क्याने फुटतं; १८६४ साली स्टॉकहोममधल्या अशाच स्फोटात आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल गेला. नोबेल यांनी ते द्रव्य सच्छिद्र मातीत मुरवलं, त्याचा धक्क्याला फुटण्याचा हळवेपणा कमी केला आणि १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. आजही स्फोटकाची ही परीक्षा ठरावीक वजन उंचावरून पाडून करतात. निम्म्या वेळा स्फोट होईल ती उंची, हे त्याचं माप. उंची जितकी जास्त, तितकं ते हाताळायला सुरक्षित. पुण्यातल्या एचईएमआरएल संस्थेत स्फोटकांवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने यंत्रवाल्यांचा हा गुण अवगुण ठरतो.

आता घरातलं सांगते, कारण पावसाळा आला की याच्यासाठीच सगळ्यात जास्त फोन येतात. मीटरजवळच्या बोर्डात ईएलसीबी किंवा आरसीसीबी असते, तिच्यावर ३० एमए लिहिलेलं असतं. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती अखंड ताडून बघते. मधे ३० मिलिअँपिअरची गळती झाली, म्हणजे कदाचित कुणाच्या तरी अंगातून प्रवाह जमिनीत जातोय, तर ती क्षणार्धात वीज तोडते. दहाच्या आसपास मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळले जाऊन माणसाला तार सोडता येत नाही, आणि तीसच्या पुढे काही सेकंदांत हृदयाची लय बिघडू शकते. तीसचा आकडा तिथून आला आहे. नियमाप्रमाणे ती पंधराच्या खाली पडता कामा नये आणि तीसला पडलीच पाहिजे. शंभर आणि तीनशेच्याही मिळतात, पण त्या आग टाळण्यासाठी असतात, माणूस वाचवण्यासाठी नव्हे.

पावसात भिंती ओल धरतात, गिझरचं एलिमेंट जुनं झालेलं असतं, संगणक आणि फ्रिज आपापली थोडी गळती देत असतात. सगळ्यांची बेरीज पंधरा-वीसवर गेली की कुणाला शॉक न बसताही वीज जाते. दोन-तीनदा असं झालं की घरमालक वैतागतो आणि कुणीतरी येऊन ती काढून थेट जोडणी करून देतो, नाहीतर तीसच्या जागी तीनशेची बसवतो. असं कृपा करून करू देऊ नका. बोर्डातले सगळे एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्यावर ती पडेल त्या खोलीत गळती आहे. तिथली उपकरणं पिनांसकट काढून पुन्हा एकेक लावा, बहुतेक वेळा दोषी सापडतो. एकही दोषी सापडला नाही आणि नुसती बेरीजच जास्त होत असेल, तर एका मोठ्या ईएलसीबीऐवजी घराचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला तीसची वेगळी बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनला ते अवघड नसतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर मात्र तिला काहीच कळत नाही, कारण जेवढा प्रवाह गेला तेवढा परत आलेला असतो. महिन्यातून एकदा तिच्यावरचं टेस्ट बटण दाबून बघा. वीज गेली, तर आतली यंत्रणा चालते एवढं कळतं. अर्थिंग धड आहे की नाही, हे त्या बटणाला विचारता येत नाही. ते वेगळ्या मीटरने मोजून घ्यावं लागतं.